लादीतले शेजारी

भांडी माणसांशी बोलायची त्या काळी कोंसूबायच्या घरी पाव भाजायला एकच लोखंडी साचा होता. लेकीच्या लग्नाला पाव हवे होते वीस. म्हणून तिने मागच्या जेवणावळीतले फॉइलचे ट्रे धुतले आणि दुमडून त्यांचे लांबट साचे केले.

"फुंकर मारली तरी उडाल तुम्ही," लोखंडी साचा म्हणाला.

खरंच, पहिल्या ट्रेमध्ये पीठ फुगलं तशा त्याच्या कडा बाहेर फाकल्या. तो मान खाली घालून म्हणाला, "बाय, मला टाकून दे. आमचं काम एका जेवणापुरतंच असतं."

कोंसूबाय हसली. "अरे, लादीतला पाव तरी कुठे एकटा उभा राहतो? शेजाऱ्याला टेकूनच तो सरळ वाढतो."

तिने सगळे ट्रे भट्टीत एकमेकांना खेटून लावले. एकाची कड दुसऱ्याने धरली. टोकाच्या ट्रेला मात्र एका बाजूला शेजारीच नव्हता.

लोखंडी साच्याची नजर त्या उघड्या कडेवर गेली. मग तो म्हणाला, "बाय, मला लाव तिथं."

पाव सगळे सरळ, तांबूस निघाले. त्यातला लोखंडी साच्यातला कुठला, ते वऱ्हाडात कुणालाच ओळखता आलं नाही. साच्यानेही सांगितलं नाही.