टिपरीला हवं गार पाणी

एक होतं मैदान. खो-खोचं मैदान.
मैदानाच्या कडेला होता लिंब. लिंबाखाली होता माठ.
माठाला होती तोटी. टप टप, टप टप.
माठाच्या अंगावर होतं फडकं. ओलं ओलं फडकं.

लिंबावर राहायची टिपरी.
टिपरी म्हणजे खारीचं पिल्लू. एवढंसं. तुमच्या मुठीएवढं!

त्या मैदानावर एक नियम होता.
जो पाणी पिईल, त्यानं फडक्यावर पाणी शिंपडायचं. शिप शिप!
फडकं ओलं, तर माठ गार.
मुलं ओंजळीनं शिंपडायची. शिप शिप!
टिपरी शेपटीनं शिंपडायची. शिप शिप!

पण एके दिवशी काय झालं?
मुलं दुपारी घरी गेली. टिपरी एकटीच उरली.
ती पाणी प्यायली. आणि म्हणाली, "आज मी दहा फेऱ्या मारणार!"
निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
शिप शिप? राहिलंच!

फडकं सुकलं. कडकडीत सुकलं.
गरम वारा आला. भर्र!
फडकं उडालं. गेलं, गेलं, गेलं!
टिपरीनं पाहिलंच नाही.

एक फेरी. तुरुतुरु.
पाच फेऱ्या. तुरुतुरु.
दहा फेऱ्या! हुश्श!
टिपरीला लागली धाप. टिपरीला लागली तहान.
जीभ कोरडी ठाक!

ती तोटीखाली गेली. टप!
"अगं आई गं! ऊन ऊन पाणी!"
एक घोट गेला. दुसरा जाईचना.
माठ म्हणाला, "पी गं अजून. ऊन असलं तरी पाणीच आहे."
"कळतंय रे दादा. पण घोटच उतरत नाही!"

रस्त्यावर होते गोळेवाले तात्या. टिपरी तिकडे गेली.
"तात्या, तात्या, पाणी द्या."
"पाणी संपलं गं बाई. हा घे बर्फ."
टिपरीनं बर्फ चाटला. झण्ण!
दात शिवशिवले. डोकं ठणकलं. मिशा ताठ झाल्या!
एक थेंब गेला. दुसरा जाईचना.
"तात्या, हे फारच गार!"
तात्या हसले. "ऊनही नको, बर्फही नको. मोठी आली राणीसरकार!"

टिपरी माठाकडे परत आली. तुरुतुरु तुरुतुरु.
"माठदादा, माठदादा, गार पाणी दे."
"कसं देऊ? माझं फडकं कुठाय? फडकं आण, मग गार होतो."
टिपरीनं वर पाहिलं. खाली पाहिलं. फडकं नाही!
"अगं बाई! मी शिंपडलंच नाही!"

टिपरी धावली. तुरुतुरु तुरुतुरु.
फडकं होतं बाभळीवर. काट्यात अडकलेलं.

"फडक्या, फडक्या, खाली ये.
टिपरीला हवं गार पाणी.
माठ म्हणतो, फडकं आण.
जीभ कोरडी ठाक!"

फडकं म्हणालं, "कसं येऊ? काटा रुतलाय. काटा काढ, मग येतो."

टिपरीनं ओढलं. टर्र! फाटेल की काय?
नको बाई, नको. तिनं सोडून दिलं.

"बाभळीबाई, बाभळीबाई, काटा काढ.
टिपरीला हवं गार पाणी.
माठ म्हणतो, फडकं आण.
फडकं म्हणतं, काटा काढ.
जीभ कोरडी ठाक!"

बाभूळ म्हणाली, "माझी फांदी उंच. खाली कशी वाकू? शेळी ओढेल तर वाकेन. शेळी आण, मग सोडते."

टिपरी धावली. तुरुतुरु तुरुतुरु.
शेळी होती खुंट्याला. दाव्यानं बांधलेली.

"शेळीताई, शेळीताई, फांदी ओढ.
टिपरीला हवं गार पाणी.
माठ म्हणतो, फडकं आण.
फडकं म्हणतं, काटा काढ.
बाभूळ म्हणते, शेळी आण.
जीभ कोरडी ठाक!"

"बें!" शेळी म्हणाली. "बाभळीचा पाला? आवडतो की मला! पण गळ्यात दावं दिसत नाही का तुला? डोळे आहेत की बटणं? दावं सोड, मग येते."

दाव्याची गाठ घट्ट. टिपरीचे दात इवले इवले.
कुर्र कुर्र. कुर्र कुर्र. गाठ सुटेना!
ऊन तापलं. माती तापली. टिपरीचे पाय चटचट भाजले.

ती धावली. तुरु तुरु. तुरु तुरु.
शेळीची मालकीण होती गोदूमावशी. ती सावलीत चिंचा फोडत होती. ठक ठक, ठक ठक.
शेजारी झोळी. झोळीत बाळ. बाळ रडत होतं. ट्यां ट्यां!

"मावशी, मावशी, दावं सोड.
टिपरीला हवं गार पाणी.
माठ म्हणतो, फडकं आण.
फडकं म्हणतं, काटा काढ.
बाभूळ म्हणते, शेळी आण.
शेळी म्हणते, दावं सोड.
जीभ कोरडी ठाक!"

मावशी म्हणाली, "अगं बये, मी उठू कशी? एका हाताला चिंच, एका हाताला झोळीची दोरी! झोळी थांबली की हा भोंगा आणखी मोठा! बाळ हसव, मग दावं सोडते."

टिपरी झोळीवर चढली. सुर्र!

"बाळा, बाळा, हास ना.
टिपरीला हवं गार पाणी.
माठ म्हणतो, फडकं आण.
फडकं म्हणतं, काटा काढ.
बाभूळ म्हणते, शेळी आण.
शेळी म्हणते, दावं सोड.
मावशी म्हणते, बाळ हसव.
जीभ कोरडी ठाक!"

"ट्यां! खुळ! खुळ!" बाळ म्हणालं.
मावशी म्हणाली, "खुळखुळा मागतोय. मेल्या कावळ्यानं पळवला गं!"

टिपरी लिंबावर चढली. तुरु... तुरु...
थोडं चढली. थांबली. धाप लागली.
पुन्हा चढली. तुरु... तुरु...
वर होता कावळा. चोच उघडी. पायाखाली खुळखुळा.

"कावळेदादा, कावळेदादा, खुळखुळा दे.
टिपरीला हवं गार पाणी.
माठ म्हणतो, फडकं आण.
फडकं म्हणतं, काटा काढ.
बाभूळ म्हणते, शेळी आण.
शेळी म्हणते, दावं सोड.
मावशी म्हणते, बाळ हसव.
बाळ म्हणतं, खुळखुळा आण.
जीभ कोरडी ठाक!"

"काव!" कावळा म्हणाला. "जीभ माझीही कोरडी! गार पाणी आण, मग देतो."

गार पाणी?
अहो, गार पाणी असतं, तर टिपरी इथं आली असती का?
आता कुठं जायचं? आता कुणाला विचारायचं?

टिपरी खाली उतरली. तु... रु... तु... रु...
झोळीच्या काठावर बसली.
सगळं पुन्हा सांगायला गेली.
"बाळा... बाळा... टिपरीला..."
पुढे शब्दच फुटेना. घसा सुकला. डोळे मिटले.
तिची मान खाली गेली. तिची शेपटीही खाली गेली.
खाली, खाली, आणखी खाली...

शेपटी टेकली बाळाच्या तळव्याला.
गुदगुल!

बाळ रडायचं थांबलं.

"खुदुक!"

बाळ हसलं! खुदुक खुदुक, खुदुक खुदुक!

बाळ हसलं, मावशी उठली.
मावशी उठली, दावं सुटलं.
दावं सुटलं, शेळी धावली. बें बें!
शेळीनं ओढली बाभळीची फांदी. करकर!
फांदी वाकली, काटा निघाला.
काटा निघाला, फडकं पडलं. भुर्र... भुर्र... थप्प!

मावशीनं फडकं उचललं. "अगो बाई! हे तर आपल्या माठाचं!"
फडकं भिजवलं. पचक पचक. माठाला गुंडाळलं. घट्ट.

"माठदादा, झालास का गार?"
"थांब गं."
भर्र! पुन्हा तोच गरम वारा आला. फडकं उडालं का?
नाही! ओलं फडकं माठाला चिकटून बसलं.
वारा आला, फडक्यावरून गेला. गरम आला, गार होऊन गेला.
"माठदादा, झालास का गार?"
"थांब गं, थांब."
टिपरी पोटावर आडवी पडली. मावशीनं तिला पदरानं वारा घातला.
ऊन सरकलं. लिंबाची सावली लांब झाली.
"माठदादा...?"
"आता ये!"

मावशीनं तोटी उघडली. ओंजळ धरली.
टिपरीनं जीभ लावली.
ऊन नाही. बर्फही नाही. गार!
एक घोट गेला. दुसरा गेला.
गट गट गट गट गट!
टिपरीचं पोट झालं टम्म!

वरून कावळा ओरडला, "काव! मलाही!"
मावशी म्हणाली, "आधी खुळखुळा, चोरा!"
खुळ खुळ, पट्! खुळखुळा पडला.
कावळा पाणी प्यायला. आणि उडायला निघाला.
"ओ कावळेदादा!" टिपरी ओरडली. "पंख कोण झटकणार?"
कावळा खजील झाला. परत आला. पंख भिजवले, फडक्यावर झटकले. शिप शिप!

तेवढ्यात मुलं आली. खो-खो सुरू झाला.
टिपरीनं कान टवकारले. आणि सुटली! तुरुतुरु तुरुतुरु!

अगं, अगं! विसरली की काय?

टिपरी थांबली. गर्रकन वळली.
धावत आली. तोटीखाली शेपटी धरली. टप टप, टप टप.
आणि फडक्यावर झटकली.
शिप शिप! शिप शिप!

टिपरीचं पोट गार, माठदादाचं अंग गार.
आणि आपल्या घरच्या माठावर कोण शिंपडणार?
सांगा बरं, कोण?