कपाटातला काळा दगड

घरोघरी तारेचे बल्ब होते, त्या काळची गोष्ट. एका धातूच्या खाणीतले काळे दगड फोडून भट्टीत पाठवले जात. त्यातला एक चकचकीत, धारदार दगड बोरवणकर मास्तरांनी कापसात गुंडाळून घरी आणला आणि काचेच्या कपाटात ठेवला.

"मी देखणा, म्हणून वाचलो," दगड मिरवायचा. "भावंडं बिचारी भट्टीत गेली!"

एकदा पाहुणे आले. "मास्तर, नीट दिसत नाही हो."

मास्तरांनी कपाटावरच्या बल्बचं बटण दाबलं. दगड लखलखला. "वा!" पाहुणे म्हणाले.

दगडाने वर पाहिलं. "कोण गं तू?"

"तुझंच भावंड," बल्बमधली तार म्हणाली. "भट्टीतून धातू होऊन निघाले आणि तार झाले."

दगड गोंधळला. "मग आपल्यातलं वाचलं कोण?"

तार बोलणार, तोच पाहुणे निघाले. मास्तरांनी बटण बंद केलं आणि दगड दिसेनासा झाला.