मेलेल्यांचा वाटा

पूर्वी समुद्रकाठच्या रोहितपट्टण नगरीत दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा संधिविग्रहिक होता. म्हणजे कुणाशी लढायचे आणि कुणाशी जुळवून घ्यायचे, हे राजाला सांगणारा अमात्य. त्या वर्षी समोरच्या शंखबेटावरचे लोक येणारी-जाणारी गलबते लुटू लागले, माणसे कापून पाण्यात टाकू लागले. बोधिसत्त्वाचा धाकटा भाऊ नंदक अशाच एका गलबतावर होता. त्याचे प्रेतसुद्धा हाती लागले नाही.

राजा म्हणाला, "बेट जाळून टाकतो."

"महाराज, सुक्याबरोबर ओलंही जळेल," बोधिसत्त्व म्हणाला. "त्यापेक्षा बेटाची वाट अडवा. धान्याचा दाणा पलीकडे जाऊ देऊ नका. आपणहून पाय धरायला येतील."

साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा तो सल्ला. दरबाराने माना डोलावल्या. खरे सांगायचे तर बोधिसत्त्वालाही स्वतःचे कौतुक वाटले.

त्या नगरीत एक रीत होती. समुद्राने गिळलेल्या माणसाच्या नावाने घरचे लोक तिन्हीसांजेला वाळूवर केळीच्या पानात भात वाढून ठेवीत. सकाळी कावळे तो खात. पण वाट अडवल्याला काही महिने झाले आणि पाने उजाडण्यापूर्वीच रिकामी होऊ लागली. नुसती रिकामी नव्हेत, चाटूनपुसून लख्ख. भोवती अनवाणी पावले उमटलेली. ती पाण्यातून आलेली असत आणि पाण्यातच परत गेलेली असत.

"आमची माणसं येतात हो जेवायला," बायका रडत सांगू लागल्या. पण मेलेल्याशी नजरानजर झाली की तो सोबत नेतो, असे सगळे मानीत. म्हणून अंधार पडताच किनाऱ्याकडची दारे बंद होत. पुरोहित म्हणाले, "सूड घेतल्याशिवाय ही भूक शमायची नाही." राजाचा उरलासुरला धीरही सुटला. पौर्णिमेच्या भरतीला बेटावर आगीची गलबते सोडायची, असे ठरले.

त्या तिन्हीसांजेला बोधिसत्त्वाने नंदकाच्या नावाचे पान मांडले आणि तो घरी परतला नाही. भाऊ सोबत घेऊन गेला तरी चालेल, पण एकदा दिसू दे, असे त्याला वाटत होते.

पहाटे धुके उतरले. धुक्याखाली पाणी हलले आणि त्यातून माणसे उभी राहिली. हाडांवर नुसती कातडी. ती वाळूवर ओणवी झाली आणि खाऊ लागली. एवढी माणसे जेवत होती, पण कसलाच आवाज येत नव्हता.

एक आकृती बोधिसत्त्वाच्या पानाशी आली.

"नंदका?" त्याने हाक मारली.

ती बाई होती. तिच्या तोंडात घास होता, आणि उरलेला भात ती ओल्या पदरात बांधत होती.

"आरडू नको, दादा," ती म्हणाली. "आम्ही बेटावरच्या. होड्या खडकामागं ठेवून पोहत येतो. तुम्ही आम्हाला मढी समजता, म्हणून तर जगतोय. पोरं मात्र जात चाललीत." मग तिने विचारले, "हा वाटा कुणाचा?"

"माझ्या भावाचा. तुमच्या लोकांनी मारला त्याला."

तिने पदराची गाठ सोडली आणि सगळा भात पानावर परत ठेवला.

बोधिसत्त्वाला नंदकाच्या मारेकऱ्यांचा राग होता, तो अजूनही होता. तरी त्याने स्वतःच्या हाताने तो भात पुन्हा तिच्या पदरात बांधला.

दरबारात तो म्हणाला, "महाराज, ती प्रेतं नाहीत. माझ्या सल्ल्यानं उपाशी मरणाऱ्या बायका आहेत. मी त्यांची पोरं मारतोय. रक्त दिसत नाही, एवढंच. वाट उघडा."

"आणि भात खाऊन पुन्हा गलबतं लुटली तर?"

"धान्याच्या पहिल्या गलबतावर मी बसतो. शिपाई नकोत. मी परत आलो नाही, तर आपल्याला हवं ते करा."

राजा कबूल झाला. गलबत बेटाजवळ पोहोचले तेव्हा खडकांवर धनुष्ये ताणलेली होती. बेटाचा नायक ओरडला, "धान्यात विष नाही कशावरून?"

गर्दीतून तीच बाई पुढे आली. "त्यांच्या मेलेल्यांचं खाऊन मी जिवंत आहे," ती म्हणाली. "जिवंतांना देताना ते विष कालवतील?" ती कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि तिने गलबताचा दोर धरला. एकेक धनुष्य खाली आले.

लूट थांबली, वाट उघडली, आगीची गलबते जागीच राहिली. त्यानंतर पानांवरचा भात सकाळपर्यंत तसाच राहू लागला. तेव्हा रोहितपट्टणच्या लोकांना कळले की आपली माणसे खरोखरच गेली, आणि सारी नगरी किनाऱ्यावर बसून रडली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा दृढवर्मा राजा म्हणजे आजचा आनंद, आणि तो संधिविग्रहिक मीच होतो. ज्याचा वाटा दिला गेला, तो भाऊही आज तुमच्यातच बसला आहे. त्याने तो वाटा कधी परत मागितला नाही. आपला सल्ला चुकला हे कळताच जो शत्रूच्या घासाआड येत नाही, त्याची करुणा पूर्णत्वाला जाते."