हातभर अंतर

जुन्या काळी नदीच्या एका वळणावर कुंभारांचं गाव होतं आणि त्या गावात एक कुंभारीण राहत होती. तिच्या घरात लहानथोर मिळून सोळा माणसं. सगळी एकमेकांना खेटून जेवायची, खेटून झोपायची आणि बोलताना समोरच्याचा हात हातात धरूनच बोलायची. कुंभारणीला वाटे, माया म्हणतात ती हीच.

धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि घरात नवी सून आली. ती डोंगरापलीकडच्या एका कुंभाराची एकुलती एक मुलगी. तिची आई लहानपणीच गेलेली. माळावरच्या घरात बापलेक दोघंच राहायची. अंगणाच्या या टोकाला बाप चाक फिरवायचा, त्या टोकाला लेक मडकी थापटायची, आणि काही हवं असलं तर हाक मारून सांगायची. सून कामाला वाघीण होती, बोलायला गोड होती. पण सासूने पाठीवरून हात फिरवला की ती आकसायची. जावांनी जवळ ओढलं की हळूच सुटून दाराशी जाऊन उभी राहायची.

"हिला आपण आवडत नाही, दुसरं काय," थोरली जाऊ म्हणाली.

कुंभारणीच्या मनाला ते लागलं. ही पोर इथे टिकायची नाही, एक दिवस सकाळी उठून पाहावं तर ही गेलेली असेल, अशी धास्ती तिने घेतली. धास्ती वाढली तशी ती सुनेला जास्तच धरून ठेवू लागली. जेवताना तिच्या मांडीला मांडी लावून बसे. पाण्याला निघाली तर मनगट धरून बरोबर जाई. सून काही बोलत नसे, पण दिवसेंदिवस वाळत चालली होती. ते पाहून कुंभारणीला घास गिळेना.

अशात थोरलीच्या बाळाचं बारसं आलं. घर बायकांनी भरून गेलं. नवी सून दिसताच सगळ्या तिच्याभोवती जमल्या. एकीने गाल धरला, एकीने पदर सारखा केला, एकीने बांगड्या चाचपल्या, तर एका म्हातारीने तिच्या पोटावरच हात ठेवून विचारलं, "हिची गोड बातमी कधी?"

पाळणा म्हणून झाला. कुंभारणीने वळून पाहिलं, तर सून कुठेच नव्हती.

ती परसात नव्हती. भट्टीपाशी नव्हती. कुंभारीण विहिरीवर गेली आणि आत डोकावली. तिथलं पाणी शांत होतं. मग ती अनवाणीच गावाबाहेर धावली. पाठोपाठ धाकटा मुलगाही निघाला.

गावाबाहेर एक खोल खड्डा होता. पिढ्यान्‌पिढ्या कुंभार तिथून माती काढत. खालून माती कोरून कोरून वरचा काठ पोकळ झाला होता आणि तळाशी पाणी साचलं होतं. त्या काठाजवळ सून एकटीच बसली होती.

"पोरी," म्हणत सासू हात पसरून धावली. सून दचकून उठली आणि मागे सरली. सासू दोन पावलं पुढे झाली, तशी ती दोन पावलं आणखी मागे गेली. तिच्या टाचेखालचं ढेकूळ सुटलं आणि खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"मागे जाऊ नकोस, काठ पोकळ आहे. इकडे ये."

"तुम्ही आधी मागे व्हा, आत्याबाई," सून कापऱ्या आवाजात म्हणाली. "जवळ आलात की मला श्वास घेता येत नाही."

मुलगा धापा टाकत येऊन पोचला. "आई, मी धरतो तिला."

"जागचा हलू नकोस."

"अगं, ती पडेल."

"तू गेलास तर पडेल."

कुंभारणीचे हात शिवशिवत होते. एक झेप घेतली तर मनगट हाती येईल, असं तिला वाटत होतं. आणि नाही आलं तर? मग तिने मुलाला मागे लोटलं आणि स्वतःही एकेक पाऊल मागे सरकली. आयुष्यात पहिल्यांदा ती मायेपोटी कुणापासून दूर जात होती. बऱ्याच अंतरावर जाऊन ती जमिनीवर बसली.

"इथवर चालेल?"

"अजून थोडं."

ती बसल्या बसल्याच आणखी मागे सरकली. सुनेने एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं. अशी करत करत ती काठापासून पार अलीकडे आली आणि मटकन खाली बसली. काही वेळाने तिच्या मागचा काठ धप्पकन पाण्यात कोसळला.

"आम्ही तुला नकोसे झालोत का गं?" सासूने अखेर विचारलं.

"नाही, आत्याबाई. तुम्ही सगळी मला हवी आहात. फक्त एवढी जवळ नको."

त्या दिवसापासून कुंभारणीने घराला नवी शिस्त लावली. सुनेला मडकी थापटायला अंगणाच्या टोकाला जागा करून दिली. तिला हात लावण्याआधी विचारायचं, असं सगळ्यांना सांगितलं. थोरली जाऊ कितीतरी दिवस कुरकुरत होती. कुंभारणीची धास्तीही लगेच गेली नाही. सून दाराशी उभी राहिली की तिच्या छातीत धडधडायचं. पण कुंभारीण उठून तिच्यामागे जायची नाही. सून हळूहळू अंगाने भरू लागली, कामाच्या नादात गुणगुणू लागली.

एका दुपारी कुंभारीण सावलीत मडकी निवडत होती. सून आपणहून आली आणि म्हणाली, "तुमच्याजवळ बसू का?"

कुंभारीण तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या माणसांच्या त्या घरात तिला असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिने क्षणभर विचार केला.

"बस की," ती म्हणाली, "पण जरा सरकून बस. मलाही वारा लागू दे."

सून हसली आणि हातभर अंतर ठेवून बसली.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्या किती जवळ जायचं हे त्यालाच विचारावं.