तक्त्यावरचा फेटा

आमच्या गावच्या शाळेत कळंत्रे बाई दर शनिवारी लोकजीवनाचा तास घेत. मुलं जात्यावर दळत, सुपात पाखडत, फेटा बांधायला शिकत. एका शनिवारी तालुक्याहून मोठे साहेब आले. तास बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे बंद करा. जातं, सूप, फेटा, सगळ्यांची चित्रं तक्त्यावर आहेत. मुलांना तेवढं पुरे."

बाईंचा चेहरा उतरला. पण बोलल्या एवढंच, "बरं, साहेब."

मग साहेबांचा सत्कार. सारा गाव जमलेला. नारळ दिला, शाल घातली. फेट्यासाठी साहेबांनी डोकं पुढे केलं. बाईंनी भिंतीवरचा तक्ता काढून त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या साहेब, फेटा."

"अहो बाई, हे तर चित्र! डोक्याला काय बांधू?"

"मुलांना चित्र पुरतं म्हणालात. मग तुम्हाला का पुरू नये?"

गाव खो खो हसला. साहेब आधी लाल झाले, मग तेही हसले.

"हरलो, बाई. फेटा बांधा. तास चालू ठेवा."

सातवीतल्या शेवंतानं फेटा बांधला, तुरा ताठ काढला. साहेब तो तसाच मिरवत जीपमध्ये बसले. जीप वळणाआड गेली, तेव्हा कुठे बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.