धाकूला गावलेली मुडदुशी

एका बंदरावरच्या गावात एक भोळा धाकू होता. इतका भोळा, की आई म्हणाली, "जरा दाराकडे बघ," तर संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसे. त्या दारातून कुत्रा आत आला आणि भाकरी घेऊन गेला. तेही त्याने नीट बघितलं.

अशा धाकूला शेवंता आवडली. तिच्या आठवणीने त्याचा घास हातातच राही. एके दिवशी शेवंताचे वडील, सावळाराम तांडेल, मुलगा बघायला येतो म्हणाले. तांडेलांचा जीव मुडदुशी माशाच्या कालवणात. कालवण जमलं तरच लग्न जमणार.

"झिला, मुडदुशी घेवन ये," आई म्हणाली.

धाकूने मुडदुशी आजवर ताटातच बघितलेली, तीही मसाल्यात बुडालेली. "माका वळाखतली कशी?"

"सडसडीत, रुपेरी, तोंड टोकदार. चाहूल लागली की वाळूत शिरता नि गप पडान ऱ्हवता."

धाकू किनाऱ्यावर गेला. वाळूत काहीतरी तोंड खुपसून गप्प होतं. सडसडीत, रुपेरी. उपटलं तर तोंडही टोकदार. धाकूने ते खांद्यावर टाकून घरी आणलं. ती घासून घासून चकचकीत झालेली लोखंडी पहार होती. तिला बांधलेली शेजारच्या दाजीची होडी एकटीच समुद्रावर फिरायला गेली.

"मेल्या, मासो मऊ आसता!" आई ओरडली. "बोटान दाबून बघ. खळगो ऱ्हवलो तर शिळो, वर इलो तर ताजो."

"असा होय! आदी सांगूचा नाय?"

मग धाकूला कणगीमागे एक दिसली. सडसडीत, रुपेरी, तोंड टोकदार. चाहूल लागताच पोत्याखाली शिरली. वाळू नव्हती, पण धाकूने तेवढं चालवून घेतलं. धरून बोटाने दाबली. मऊ. वर चिरकलीसुद्धा, म्हणजे अगदी ताजी. त्याने ती टोपात सोडली. चिचुंद्रीच ती! वासाने आई नाक धरून अंगणात पळाली.

"मासो माशेवालीकडसून घेवन ये! कानाकडे झडप आसता, ती उघडून बघ. आत लाल व्हया."

"असा होय! आदी सांगूचा नाय?"

या खेपेला धाकूने खरोखरची मुडदुशी घेतली. टोपलीभर. किनाऱ्याने येताना समोरून माणसं आली. झालं! मुडदुश्यांना चाहूल लागली असणार, वाळूत शिरावंसं वाटत असणार आणि बिचाऱ्या टोपलीत अडकलेल्या. धाकूला गलबलून आलं. त्याने एकेक मुडदुशी प्रेमाने वाळूत पुरली आणि माणसं लांब जाईपर्यंत वाट बघितली. तेवढ्यात भरती आली नि सगळ्या घेऊन गेली.

आईने कपाळावर हात मारला. "मासो गावलो की इचार करू नको! हळद-मीठ चोळ नि माका हाक मार!"

"असा होय! आदी सांगूचा नाय?"

तांडेल आले. कुळथाची पिठी बघून त्यांचं तोंड आंबलं. कसेबसे जेवले आणि ओटीवर आडवे झाले. आई रात्रीपुरते तरी मासे मिळतात का बघायला शेजारणींकडे धावली.

धाकू दारात उभा राहिला. मुडदुशी नाही तर शेवंता नाही! त्याचे डोळे भरून आले. पुसून बघतो तर ओटीवर सडसडीत काहीतरी पडलेलं. वरचे केस रुपेरी. नाक टोकदार. धाकू एक पाऊल पुढे गेला. चाहूल लागताच ते चादरीत शिरलं आणि गप्प पडून राहिलं.

धाकू वाकला. त्याने पोट दाबलं. खळगा पडला आणि लगेच वर आला. कानाची झडप उघडली. उन्हाने लालबुंद! मग त्याने विचार केला नाही. हळदीचा डबा उपडा केला, वर मीठ घातलं आणि डोक्यापासून पायापर्यंत चोळलं.

"आयो! डोळे माझे!" तांडेल ताडकन उठले.

"आये, धाव! गावली!" धाकूने हाक मारली.

आई आली. मागून शेजारणी आल्या. पिवळेजर्द तांडेल बघून एकीने गालावर हात ठेवला. "अगो, हळद लागली नि आमका आवतान नाय?"

या घरात हळद लागावी म्हणून आईने देवाला किती नवस केले होते. लागली. सासऱ्याला लागली.

बायका बघून तांडेल लाजेने ओटीवरून धूम पळाले. खाली लगेच वाळूच. धोतरात पाय अडकला आणि ते तोंडावर आपटले ते थेट मानेपर्यंत आत. तसेच गप्प पडून राहिले.

धाकू आनंदाने नाचू लागला. "बघलंस गे आये? चाहूल लागली नि वाळूत शिरली! मुडदुशीच ती. मोठो टोप काढ!"