वांगी रंगाचा प्लेअर

"सगळं खरं. पण हे ठेवाचं कुठी?"

भंते शीलानंदांनी तळहात पुढे केला. त्यावर सुपारीएवढं एक यंत्र होतं.

प्रियदर्शन हसला. "खिशात, भंतेजी. शर्टाच्या, पँटच्या, कुठल्याही खिशात मावतं."

भंतेंनी आपलं चीवर समोरून पाहिलं. मान वळवून मागून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या लेकराला, सम्यकला, कडेवर घेऊन विहाराच्या दारात उभी होते.

"तुले हाये का खिसा, बाई?"

"नाही जी."

भंतेंनी यंत्र प्रियदर्शनच्या हातावर परत ठेवलं.

हा प्रियदर्शन खोब्रागडे आमच्या बोरखेडीचाच. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवस श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होऊन भंतेंच्या हाताखाली राहिलेला. आता पुण्याला गाण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आकार काढायचं काम करतो. म्हणजे आत काय वाजतं ते दुसरे बघतात. बाहेरून ते कसं दिसावं, हातात कसं बसावं, ते हा बघतो.

भंतेंची प्रवचनं भरून गावोगावच्या विहारांत वाटायला हा प्लेअर त्याने काढला होता. दुसऱ्या दिवशी कंपनीत साचा पडणार होता. एकदा साचा पडला की आकार बदलत नाही. "भंतेंनी ठीक म्हटल्याशिवाय साचा पाडायचा नाही," असं त्यानेच तिकडे सांगून ठेवलं होतं. त्याला वाटलं, भंते काय, हातात घेतल्याबरोबर ठीक म्हणतील.

"एक दोष दाखवा, भंतेजी. वजन अकरा ग्रॅम. कुठे कोपरा नाही, टोचत नाही. हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही. आणि रंग बघा, वांगी. यावर मळ दिसत नाही."

"पाण्यात पडलं तं?"

"पडू द्या. आत थेंब जात नाही. आणि खिसा नसेल त्याच्यासाठी मागे चिमटा दिलाय. हे बघा, वहिनी."

त्याने ते माझ्या पदराला अडकवलं. खरंच, पदराला कळलंही नाही. सम्यकला मात्र लगेच कळलं. त्याने ते ओढलं आणि थेट तोंडाकडे नेलं. मी त्याच्या मुठीतून हिसकावून घेतलं. त्याला दात येऊन राहिलेत, दिसेल ते तोंडात घालतो. काल चपलेचा अंगठा घातला होता.

"हे घशात गेलं तर काय करायचं जी?" मी विचारलं.

"काही होत नाही, वहिनी. याला कोपरेच नाहीत."

"म्हणूनच तर सरकन आत जाईल ना!"

"तुमचं काहीतरीच."

हे मला गावात सगळेच म्हणतात. मी यंत्र परत दिलं आणि सम्यकला दुसऱ्या कडेवर घेतलं, त्या यंत्रापासून लांब.

भंतेंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. भिक्षेची वेळ झाली होती. त्यांनी आपलं पात्र उचललं, झाकण काढलं, प्रियदर्शनच्या हातातून यंत्र घेतलं आणि पात्रात सोडलं. टण्ण झालं.

"भंतेजी!"

"माह्याजवळ खिसा म्हणाल तं हाच हाये."

"पण यात तर भिक्षा..."

"चाल. वाजव त्याले. कसं नेता येते ते पाहू."

प्रियदर्शनने पात्रात हात घालून बटण दाबलं. नमुना म्हणून त्यात भंतेंचंच एक प्रवचन भरलेलं होतं, थोडंसंच. पुढे भंते, मागे प्रियदर्शन. माझं घर त्याच वाटेवर, म्हणून त्यांच्या मागे आम्ही मायलेक.

पहिलं घर कौतिकाबाईचं. म्हातारीने वाकून भात वाढला आणि पात्रातून आवाज आला, "उपासकहो, बोलण्याआधी थोडं थांबा..."

कौतिकाबाईने भंतेंच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड मिटलेलं. मग भाताकडे पाहिलं.

"अजी बाप्पा! भात बोलते!"

आणि तिने भाताला हात जोडले.

भिक्षेला निघाल्यावर भंते बोलत नाहीत. ते तसेच पुढच्या घराकडे वळले. प्रियदर्शन मात्र खूश होता. "भाताखालूनही आवाज किती साफ येतोय, ऐकलंत ना?"

दुसऱ्या घरी वरण पडलं. आवाज बुडबुड करायला लागला.

"पाण्याने काही होत नाही," तो मला म्हणाला. मी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या घरी वांग्याची भाजी. लहान लहान, अख्खी वांगी, तेलाने चकचकीत. ती वरून पडली आणि तेवढ्यात प्रवचन संपलं. पात्र गप्प झालं.

प्रियदर्शनची चाल मंदावली.

थोडं चालल्यावर त्याने हळूच विचारलं, "वहिनी, कोणतं आहे ते?"

"काय?"

"त्यातलं... आमचं."

मी टाचा उंचावून पात्रात पाहिलं. मला सगळी वांगीच दिसली.

चौथ्या घरच्या बाईने वरून दोन पोळ्या झाकल्या. मग तर तीही दिसेनात.

मी घरी जायला पाहिजे होतं. चुलीवर दूध ठेवायचं होतं. पण पाय वळेनात. मी त्यांच्यामागे परत विहारात आले.

भंते मांडी घालून बसले. पात्रात पडलं ते सगळं एकत्र कालवून जेवायचं, आणि बाराच्या आत आटपायचं, ही त्यांची रीत. त्यानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत घास नाही.

"मी काढून घेतो आधी," प्रियदर्शनने हात पुढे केला.

"दान दिलेल्या अन्नाले दुसऱ्याचा हात लागत नाही. विसरला का?"

"मग तुम्ही तरी चाचपून बघा."

"चाचपूनच कालवून राहिलो."

"हाताला लागतंय का काही?"

"कायचं लागते! वांग्यासारखं वांगं लागते."

पहिला घास वर गेला. त्याच्याबरोबर प्रियदर्शनची मानही वर गेली. दुसरा घास. तिसरा. त्याच्या कपाळावर घाम आला आणि पुण्याची भाषा गळून पडली.

"लहान लहान घ्या ना जी घास."

भंतेंनी लहान घेतला.

"चावून खा जी. नाही नाही, चावू नका!"

भंते थांबले. "चावू का नको?"

"चावू नका. पण गिळूही नका."

"मंग जेवू कसा, बाप्पा?"

"हळू..."

भंतेंनी एक वांगं उचललं. देठ तुटलेलं, गोल, काळं जांभळं. ते अख्खंच तोंडात घातलं. जबडा एकदा हलला... आणि थांबला. भंतेंच्या भुवया वर गेल्या.

"आ करा!" प्रियदर्शन गुडघ्यांवर उडी मारून पुढे आला. "आ करा आधी! गिळू नका! थुका, थुका इथे!"

त्याने एका हाताने भंतेंची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताचं बोट त्यांच्या तोंडात घातलं आणि गालाच्या आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. अगदी लेकराचं करतात तसं.

निघालं ते वांगंच. आत तिखट भरलेलं.

प्रियदर्शन ते हातात धरून तसाच बसला. गुरूच्या तोंडात बोट घातलं होतं त्याने. सम्यक मात्र टाळ्या वाजवत होता.

भंते दोन तांबे पाणी प्यायले. डोळे पुसले. मग पात्रात हात घातला, तर तळाशी, पोळीच्या तुकड्याखाली त्यांना ते यंत्र सापडलं. त्यांनी ते धुतलं, चीवराच्या टोकाने पुसलं आणि प्रियदर्शनच्या दुसऱ्या हातावर ठेवलं. आता त्याच्या एका हातात वांगं आणि दुसऱ्या हातात प्लेअर. मी लांबून पाहिलं, मला फरक सांगता आला नसता.

त्याने बटण दाबलं. बारीक दिवा लागला. एक ओरखडा नव्हता, थेंबही आत गेला नव्हता. पण त्याला आनंद झालेला दिसला नाही. तो भंतेंच्या पायांशी वाकला आणि बराच वेळ उठला नाही.

"उद्याचा साचा थांबवतो, भंतेजी."

"हं..."

"मोठं करतो. पण तिकडे मला माप सांगावं लागते जी. किती मोठं करू? लिंबाएवढं? या लेकराच्या मुठीएवढं?"

भंते उरलेला भात निपटत होते. बाराला पाच मिनिटं कमी होती.

"किती करू, सांगा ना जी."

"आत्ता जेवढा भ्याला ना तू..."

भंतेंनी शेवटचा घास उचलला.

"तेवढं."